एक पाकीट कमी

गुरुवार, ६ मार्च

प्रिय अक्का,

नमस्कार. साष्टांग घालायला उजवा गुडघा राजी नाही, तेव्हा हा उभ्यानेच स्वीकार.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. ती नोंदवल्याशिवाय पुढचा मजकूर लिहिणं मला प्रशस्त वाटत नाही. रुग्णालयाच्या संगणक-खोलीत चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत लाल मुठीची एक कात्री होती. तू निवृत्त झालीस त्या दिवशी निरोपाची भाषणं, फुलं आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्याबरोबर तीही गेली. सध्या मी पाकिटं घराच्या किल्लीने फोडतो. मावसभाऊ म्हणून मी गिळून बसलो असतो. पण तुझ्याच खुर्चीवर बसणारा तुझा वारस म्हणून मला हे लेखी मांडणं भाग आहे. खुलासा व्हावा.

बाकी सगळं ठीक. हिचं म्हणणं, मी हल्ली झोपेत पुटपुटतो. पूर्वी श्लोक पुटपुटायचो, ते तिला चालायचं. परवा तिने फार शांतपणे विचारलं, "ही पर्ल कोण?" ती संगणकाची भाषा आहे यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तुला फोन करून खात्री करून घेणार आहे. खरं सांग.

आता मुद्दा. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू विषय बदलतेस. कागदावर ते जमत नाही.

तुझी स्क्रिप्ट दर महिन्याच्या एक तारखेला, ज्यांची तपासणीची तारीख उलटून गेली त्या रुग्णांना आठवणीची पत्रं छापते आणि शेवटी आकडा सांगते. टपालकाका डिसेंबरपर्यंत फक्त हे गठ्ठे वजनावर पाठवत होते. जानेवारीपासून एकेक पाकीट मोजून सही करायची पद्धत आली. जानेवारीत एक पाकीट कमी. फेब्रुवारीत एक कमी. या शनिवारी स्क्रिप्ट म्हणाली दोनशे तेरा, काका म्हणाले दोनशे बारा.

रेकॉर्ड विभागाला नव्या प्रमुख आल्या आहेत, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी काकांना माझ्यासमोर उभं केलं.

"काका, एक पत्र दर महिन्याला कुठे जातं?"

"बाई, एकतीस वर्षं अंगठा ओला करून मोजतोय. अंगठा झिजला, आकडा नाही हुकला."

"मग काय, संगणक खोटं बोलतो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "संगणक कशाला बोलेल? त्याला बोलायला लावतात."

बाईंनी महिनाअखेरपर्यंत लेखी कारण मागितलंय. नाहीतर ठपका काकांच्या फायलीत. जूनमध्ये ते निवृत्त होतात. एकतीस वर्षांच्या शेवटी एका पाकिटाचा डाग! म्हणून मी तुझी स्क्रिप्ट वाचायला घेतली.

अक्का, हे काय करून ठेवलंयस तू? मला येतात ते प्रोग्राम सरळमार्गी असतात: हे कर, मग ते कर, मग घरी जा. तुझ्या इथे कुणी काहीच करत नाही, जो तो दुसऱ्याला सांगतो. जिकडेतिकडे बाण. एक साधा तक्ता असतो: क्रमांक, तारीख, किती पत्रं गेली. त्याला तू 'ब्लेस' म्हणतेस, की तो तक्ता उठून 'रुग्ण' होतो. दगडाची प्राणप्रतिष्ठा करावी तशी. मग बाणाच्या डावीकडे कोण आणि उजवीकडे त्याने करायचं काम. इथवर समजलं. पण कामाला मी एकच वस्तू द्यायचो आणि आत उघडून बघावं तर दोन! दोन दिवस मला वाटत होतं, यंत्रात कुणीतरी शिरलंय. शेवटी कळलं की बाणाच्या डावीकडचा गृहस्थ स्वतःच पहिला पाहुणा बनून आत येऊन बसतो, कंसात त्याचं नाव नसलं तरी. संस्कृतात कर्ता क्रियापदाच्या पोटात लपतो, हे अठरा वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला हे उमगायला दोन दिवस लागावेत!

तेव्हा एवढंच सांग: 'पत्र गेलं' असं बोलणारा आणि पत्र खरोखर छापणारा, हे एकच की निराळे? सध्या माझा संशय तिघांवर आहे: काका, छपाईचं यंत्र आणि मी. तुझं नाव यादीत नाही. उगाच शेफारू नकोस.

तब्येत कशी आहे ते लिही. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस.

तुझा,
पंडित


सोमवार, २४ मार्च

अक्का,

तुझं उत्तर मिळालं. सव्वातीन ओळी. समोर ठेवूनच लिहितोय:

"पंडिता, स्क्रिप्ट चालतेय ना? मग चालू दे. चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. काकांना म्हणावं, चष्मा बदला. कात्री माझी होती."

माझ्या पत्रातला एक ऱ्हस्व चुकला तर समासात दोन पानं लिहून पाठवणारी तू. काकांची सायकल चोरीला गेली तेव्हा त्यांच्या बाजूने पहारेकऱ्याशी भांडणारी तू. ती तू म्हणतेस, चष्मा बदला? आणि तब्येतीबद्दल एक अक्षर नाही. मी ते पोस्टकार्ड तीनदा वाचलं आणि माझ्या यादीत चौथं नाव घातलं.

मग मी सगळ्या फायली पुन्हा उघडल्या. तुझ्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर टिप्पणी असते. 'हे का केलं, कारण तारखा उलट्या येतात.' एका ठिकाणी तर 'इथे चहा झाला, पुढचं नीट तपासणे.' चहाची नोंद ठेवणारी बाई! पण एका फाईलवर काही म्हणजे काही नाही. चौदा ओळी, मुक्या. तारीख बघितली: तुझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा.

त्यात एक वर्ग, म्हणजे तक्त्याची एक जात. नाव 'मौनी'. तो 'रुग्ण' या वर्गाच्याच पोटचा. सगळं बापाचं वापरतो, फक्त एकच काम स्वतःचं ठेवतो: 'पाठव'. रुग्णाचं 'पाठव' पत्र छापतं आणि म्हणतं 'झालं'. मौनीचं 'पाठव' नुसतंच म्हणतं 'झालं'. नियम आणि अपवाद एका जागी आले की अपवाद जिंकतो, हे फळ्यावर लिहिता लिहिता मी किती खडू झिजवले असतील! आणि तूच मला ते असं शिकवावंस.

पण मौनी होतं कोण? उत्तर होतं प्राणप्रतिष्ठेच्या ओळीत. ती ओळ मी अकरा वेळा वाचली होती आणि अकरा वेळा तिला नमस्कार करून पुढे गेलो होतो. ब्लेस करताना कोणता वर्ग द्यायचा, ते आधी एका छोट्या यादीत बघायचं. यादीत क्रमांक नसेल तर नेहमीचा रुग्ण. मी प्रत्येक तक्त्याला त्याचा वर्ग बोलायला लावला. रुग्ण, रुग्ण, रुग्ण... दोनशे बारा वेळा रुग्ण. एकदा मौनी. यादीत एकच क्रमांक होता.

त्या दिवशी मी तुझ्यावर भयंकर रागावलो. कुणाला लपवलंस? एखाद्या बड्याचा आजार, जो त्याच्या घरी कळता कामा नये? कुणा डॉक्टरची चूक? जेवताना मी हिला म्हणालो, "अक्काने कुणाला तरी पाठीशी घातलंय." ती म्हणाली, "अक्का कुणाला पाठीशी घालणाऱ्यातल्या नाहीत. घातलंच असेल तर स्वतःला." मी म्हटलं, "तुला पर्ल कळत नाही." ती म्हणाली, "अक्का कळतात."

संगणक-खोलीला फक्त क्रमांक दिसतो. नाव-पत्ता बघायचा तर खाली रेकॉर्डच्या खोलीत जाऊन वहीत सही करावी लागते. तो नियम तूच केलास. मी गेलो. खालच्या सिस्टरने विचारलं, "कारण?" मी म्हणालो, "शंका." तिने 'शंका' असंच लिहून घेतलं.

त्या क्रमांकाच्या रुग्णाचं कार्ड पालथं हातात आलं. मागच्या बाजूला खाली 'कळवण्याचा नातेवाईक: मावसभाऊ, धाकटा' आणि फोन नंबर. नंबर कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. आपला नंबर आपण कधी लावत नाही ना, म्हणून ओळखायला वेळ लागला. सिस्टर म्हणाली, "बसा जरा." मी बसलो. मग कार्ड सुलट केलं.

आतले अहवाल वाचले नाहीत. शपथेवर सांगतो. नाव वाचलं आणि तारखा वाचल्या. चार वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, आम्हाला सांगितलं होतंस, "साधी गाठ, दाढ काढण्यासारखं." दर सहा महिन्यांनी तपासणी. शेवटची एकोणीस महिन्यांपूर्वी. त्यानंतर तीन हुकल्या.

आणि तेव्हा मला त्या चौदा ओळी खऱ्या अर्थाने कळल्या. दोन पत्रांना उत्तर आलं नाही की तिसरं नातेवाइकाला जातं, तेच 'पाठव' ते पाठवतं. तुला स्वतःला येणारी पत्रं तू सहज फाडून टाकली असतीस. तू ती बंद केलीस कारण तिसरं माझ्याकडे येणार होतं.

अक्का, आता ते लिहितो जे आपण नऊ वर्षांत एकदाही बोललो नाही. आईच्या आजारपणात प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर तू होतीस. तुझी मावशी, आई माझी. मी शाळेत पेपर तपासत होतो. मे महिन्यातसुद्धा. शाळेला सुट्टी असते तेव्हा कसले पेपर, असं तू कधी विचारलं नाहीस. त्या बाकांची, त्या वासाची, दार उघडून कुणाचं तरी नाव पुकारतात त्याची मला धास्ती होती आणि तू ती झाकलीस. आईला सांगत राहिलीस, "पंडिताला रजा मिळत नाही." पुढे शाळेतलं संस्कृत बंद झालं तेव्हा रुग्णालयाच्या त्याच इमारतीत मला नोकरी लावलीस, वरच्या मजल्यावर, जिथून ते बाक दिसत नाहीत.

म्हणजे कार्डावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याशिवाय कुणाचं लिहावंसं तुला वाटलं नाही. आणि मला कळवायची वेळ आली तेव्हा, हा येणार नाही, असं तू धरून चाललीस. तुझं गणित चुकलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

काय केलं ते सांगतो. यादीतून तो क्रमांक काढला. मौनीची फाईल पुसली नाही. तिच्या डोक्यावर तुझ्यासारखीच टिप्पणी लिहिली, 'इथे आता कुणी राहत नाही.' बाईंना लेखी दिलं की दोष स्क्रिप्टचा होता, दुरुस्त केला, काकांचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता.

"कुणी करून ठेवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"जुनं आहे, बाई."

"जुनं म्हणजे किती जुनं?"

"नऊ वर्षांपूर्वीचं." फाईलवरची तारीख मी सांगितली नाही. बाईंनी सही केली. काकांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मग पाकीट कुणाचं होतं?" मी म्हटलं, "सांगता येत नाही, काका." ते म्हणाले, "मग घरचंच असणार."

पुढच्या मंगळवारी एक तारीख. स्क्रिप्ट चालेल आणि तुझं पहिलं पत्र निघेल. नियमाने पाहिलं तर तिसरं माझ्याकडे यायला जून उजाडेल. तेवढं थांबायची मला गरज नाही. मला ते मिळालंय. मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मी खालच्या सिस्टरकडून तुझ्या नावावर घेतली आहे. आदल्या दिवशीच्या दुपारच्या गाडीने ये, स्टेशनवर मी असेन. 'बघू' म्हणू नकोस. तुझं 'बघू' म्हणजे काय ते आता मला चौदा ओळींत माहीत आहे.

मंगळवारची रजा मंजूर झाली आहे. कारणाच्या रकान्यात मी पेपर तपासणी लिहिलेलं नाही.

कात्री तुझीच होती, मान्य. आणली नाहीस तरी चालेल.

मला वाटत होतं, या पत्राच्या शेवटी तुला हसवता येईल. जमत नाहीये. उशीर झाला असेल का, एवढंच डोक्यात आहे. मला फार भीती वाटते आहे, अक्का.

तुझा,
कार्डाच्या पाठीवरचा नातेवाईक