बिनकुलपाचं दार

मी, कुलूपवाल्याचा धाकटा मुलगा, तेलाच्या टाक्या आतून साफ करणारा कामगार, पूर्ण शुद्धीवर, थेंबही न घेता आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी टाकीत उतरायचं आहे. मागच्या वेळी उतरलेली जोडी वर आली नाही. मुकादम म्हणाला, "लिहून ठेव लेका, मागे भांडणं नकोत." शाळा सहावीत सोडली, चुका पोटात घालाव्यात.

१. घरातला माझा हिस्सा आणि बँकेत असेल ते सगळं बाबांच्या देखभालीला. बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत, हातांना कुलपं मात्र ओळखू येतात. सगळा घोळ त्याचाच.

२. दादाकडे ठेवू नये. तो दार लावून कामाला गेला की बाबा वहिनीच्या केसांच्या आकड्याने बाहेर, आणि शेजाऱ्यांचीही कुलपं 'दुरुस्त' करून मोकळे. पोलीस आले. वहिनी म्हणाली, "भाऊजी, लांबून माया सोपी असते. इथे येऊन करा ना." बरोबर बोलली. तरी माझी मोटरसायकल त्या घरात जाणार नाही, भाच्याला द्यावी.

३. ताईने हट्ट धरू नये. सासू अंथरुणावर, खोल्या दोन. म्हणते, "आण रे, एकीला भरवते तशी दोघांना भरवीन." ताई, तुझी पाठ आहे का दगड?

४. बाबांना सांभाळायला घरी बाई ठेवून पाहिली. बाबांनी कुलूप बदललं आणि चावी कुठे ठेवली ते विसरले. बाई बाहेर, बाबा आत, गॅसवर दूध. ती पुन्हा आली नाही.

५. पहिल्या वृद्धाश्रमाने परत पाठवलं. बाबांनी दार उघडलं आणि मागोमाग सगळे म्हातारे चपला घालून निघाले. व्यवस्थापक फोनवर ओरडला, "वडील आहेत की टोळीचे म्होरके?" खूप दिवसांनी हसलो.

म्हणून दुसरा वृद्धाश्रम, महागडा. तिथल्या दाराला कुलूपच नाही, आकडे दाबले की उघडतं. सुट्टीत बाबांना घेऊन बघायला गेलो. बाबा दारावर हात फिरवत चावीचं भोक शोधत राहिले.

"बाबा, काय हवंय?"

"पोरगं बाहेर राहिलंय. त्याच्याकडे चावी नाही."

मी शेजारीच उभा होतो.

त्यांना तिथेच ठेवावं. दुसरं काही उरलेलं नाही. हत्यारांची पेटी जवळ राहू द्यावी. तिथे तिने काही उघडणार नाही.

६. टाकीत उतरताना ठिणगी नको म्हणून अंगावरचं लोखंड काढावं लागतं, म्हणून घराची चावी बराकीतल्या खिळ्यावर राहील. ती बाबांच्या नजरेला पडू देऊ नये, माझ्यासोबतच जाऊ द्यावी. ते रोज दाराशी जातील. रोज सांगावं, "पोराकडे चावी आहे."

लिहून देणार: धाकटा (सही)
साक्षीदार: बराकीचा स्वयंपाकी (अंगठा), क्रेनवाला (सही)
ठिकाण: कामगारांची बराक, टाक्यांच्या मागे
दिनांक: १२ नोव्हेंबर, शनिवार