जावयाचे दोन टक्के

६ जानेवारी, सोमवार

घर विकायचं. ठरलं एकदाचं. आम्ही ठरवलं असं नाही, हिच्या गुडघ्यांनी ठरवलं. तीन मजले, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. काल भाजी घेऊन येताना ही दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली ती अर्धा तास तिथेच. हाक मारायची लाज वाटली म्हणे! मी वर आरामात पेपर वाचत होतो.

बेत साधा आहे. हे तीन खोल्यांचं घर द्यायचं, तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, उरतील त्या पैशांत हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन.

"जावयांना सांगा," ही म्हणाली. "घरात एजंट असताना बाहेरचा कशाला?" लेकीचा नवरा घरं विकून देण्याचंच काम करतो. चौकात ऑफिस आहे, काचेवर घरांचे फोटो चिकटवलेले. सांगतो म्हटलं.

९ जानेवारी

जावई आले. हातात लाल किरण सोडणारं यंत्र. भिंतीला लावलं की खोलीची लांबी दाखवतं. मी आत जाऊन माझी पोलादी टेप आणली. तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो — दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवायची सवय आम्हाला नाही. यंत्र बरोबर निघालं. जरा वाईटच वाटलं.

मग कागद. सहा महिने हे घर फक्त त्यांच्याच मार्फत विकायचं, दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही, असा करार. सगळ्यांकडून करून घेतात म्हणाले. त्यात एक ओळ कमिशनची. 'टक्के' हा शब्द छापलेला, त्याच्या आधीची जागा कोरी. मला दिसली. विचारणारच होतो, आणि तोंडातून निघालं काय? — "ते तुम्हीच ठरवा हो, घरच्या माणसाशी टक्केवारी काय बोलायची!"

जावई हसून म्हणाले, "बाबा, तुमच्याकडून काय घ्यायचं!"

घेणार नाही, असं म्हणाले नाहीत. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. सही करून झाली. कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून किती गिऱ्हाइकांना दरडावलं असेल मी!

२१ जानेवारी

आज तिघे जण घर बघून गेले. एकाने फ्लश दोनदा ओढून पाहिला. बाकी काही पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी

घर बघायला येणाऱ्याला जावई 'पार्टी' म्हणतात. एकटा आला तरी पार्टी. पार्टीसमोर आम्ही बोलायचं नाही अशी ताकीद आहे. परवा ही सहज बोलून गेली की दुपारी स्वयंपाकघरात ऊन फार येतं. जावयांनी नुसतं बघितलं. बस्स! आता पार्टी आली की ही बाल्कनीत जाऊन उभी राहते, वाळलेलेच कपडे पुन्हा झटकते. स्वतःच्या घरात पाहुणी!

मीही गप्पच असतो. गप्प बसणं मला जमतंय याचंच हिला आश्चर्य.

१२ फेब्रुवारी

खाली दातांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई आज धापा टाकत वर आल्या.

"काका, तुमचं घर मला का देत नाही? दवाखान्याच्या वरच राहायला मिळालं तर मला दुसरं काय हवं! चौऱ्याण्णव द्यायला तयार आहे."

चौऱ्याण्णव लाख! आम्ही नव्वदवर आशा धरून बसलो होतो. म्हटलं, "जावयांशी बोला, त्यांच्याकडे दिलंय."

"बोलले की! दोन आठवडे झाले. ते म्हणाले, घर दुसऱ्याला ठरलं."

कुणाला ठरलं? कधी ठरलं? ज्याचं घर त्यालाच पत्ता नाही!

मग कळलं. जावयांनी त्यांच्याकडे दोन टक्के मागितले होते. बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, तीन जिने मी माझ्या पायांनी चढणार, मला घर दाखवलं कुणी? दोन टक्के कसले?" तर त्यांनी फोनच ठेवला.

१३ फेब्रुवारी

जावयांना फोन केला. काचेचं भांडं उचलावं इतकं जपून बोललो.

"बाबा, ती बाई नुसती वेळ काढते. माझी पार्टी पक्की आहे. सत्त्याऐंशी, पण पैसे महिन्यात हातात."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "काय झालं?"

"बरं म्हणालो."

"तुम्ही काय म्हणालात ते नाही विचारलं. ते काय म्हणाले?"

१५ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात हेच. आज उलगडलं. भाव सात लाखांनी पडला तर माझे सात लाख जातात. त्यांचे जातात किती? सात लाखांवरचे एकदोन टक्के. काही हजार! आणि घेणाऱ्याकडूनही टक्के मिळणार असतील तर तेवढं कधीच भरून निघतं. डॉक्टरीणबाई वरचे टक्के देत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाई वेळकाढू!

पारड्याखाली चिकटवलेलं शिसं मी दुकानाच्या पायरीवरूनच ओळखायचो. खरंच. दुकानदाराचा हात तराजूकडे कसा जातो त्यावरून कळायचं. तिथल्या तिथे दंडाची पावती फाडायचो, मग तो कुणाचाही कोण लागो. आणि आता? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. जावयाला पावती कोण फाडणार!

हिला सगळं समजावून सांगितलं. हिने ऐकलं आणि म्हणाली, "गेले सात लाख तर गेले. आपल्या पोरीला त्यांच्या घरात राहायचंय. आपण इथे बोलायचं आणि तिने तिथे ऐकून घ्यायचं, असं नको व्हायला."

हे खरं. कुठूनही निघालो तरी गाडी इथेच येऊन थांबते.

१६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, विकायचंच का? दुसरं काही नाही का करता येणार?"

म्हटलं, आईचे गुडघे तू बदलून देतेस का?

"मग निदान यांना नाही म्हणा ना. एकदा नाही म्हणून तर बघा."

पोरीला आमच्या पैशांची काळजी. मी म्हटलं, "तू यात पडू नकोस. तू तिथे सुखाने राहा, आम्ही आमचं बघतो." मग म्हणाली, "बरं." हे 'बरं' तिने माझ्याकडूनच उचललंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. एकटीच. जावई पार्टीबरोबर. जेवली आणि तिच्या जुन्या खोलीत झोपली ती दुपारी एकपासून सहापर्यंत. ही दोनदा जाऊन पांघरूण सारखं करून आली. दमते बिचारी, नोकरी आणि घर!

जाताना जिन्यात थांबून विचारलं, "माझी खोली कुणाला जाणार?" म्हटलं, घेणाऱ्याला दोन मुलं आहेत म्हणे.

१ मार्च

आज ठरवून जावयांच्या ऑफिसात गेलो. कागदावर चार वाक्यं लिहून घेतली होती. पहिलं वाक्य — 'डॉक्टरीणबाईंशी व्यवहार करावा अशी माझी इच्छा आहे.' खात्यात नोटीस लिहायचो तशी भाषा. तिसऱ्या वाक्यात टक्क्यांचा विषय होता. जिना उतरताना दोनदा म्हणून पाहिली. पाठ होती.

जावयांनी उठून खुर्ची दिली. सरबत मागवलं. मी पहिलं वाक्य म्हटलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्हाला तसं वाटत असेल तर थांबवू की सगळं. माझं काय! करार फाडू. फक्त आज घरी गेल्यावर मला हे बोलावं लागेल, की तुझ्या बाबांचा माझ्यावर विश्वास नाही. मग तिचं आणि माझं... तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. माझाही आहेच."

हसत हसत म्हणाले. शेजारी त्यांचा पार्टनर मोबाईल बघत होता, त्याने मानही वर केली नाही.

उरलेली तीन वाक्यं तशीच खिशात घेऊन आलो. आपलेच दात, आपलेच ओठ. उलट म्हणालो, "छे छे, विश्वास आहे म्हणून तर तुमच्याकडे दिलं." सरबत छान आहे, असंसुद्धा म्हणालो! तीस वर्षांत कुठल्या दुकानात पाणी प्यायलो नव्हतो.

हिला सांगितलं की ते ऑफिसात नव्हते. पहिल्यांदाच खोटं बोललो असं नाही, पण या वयात लाज वाटते.

१० मार्च

बैठक झाली. जावई दोघांच्या मधे बसले. खरोखरच मधे, खुर्ची तशी मांडून घेतली होती. पार्टी म्हणाली, सत्त्याऐंशी जड होतात, पंच्याऐंशी. मी तोंड उघडायच्या आत माझ्या वतीने मान हलली. जावयांची.

डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. मी खाली बघून पुढे गेलो. चोरी त्याने केली आणि खाली मान माझी!

२८ मार्च

कागद झाले, घर गेलं. कमिशनच्या ओळीतली कोरी जागा भरलेली होती. दोन. सुंदर अक्षरात.

मी बघतोय हे जावयांनी बघितलं. "ऑफिसचा नियम आहे बाबा. पार्टनर ऐकत नाही. माझ्या एकट्याच्या हातात असतं तर तुमच्याकडून मी एक पैसा घेतला असता का?"

"नाही हो, नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. मी! लोकांना नियम शिकवण्यात जन्म गेला.

चेकवर रक्कम अक्षरी लिहायला घेतली, आणि पेन हिच्यापुढे ठेवलं. शेवटी हिने लिहिली, मी सही केली. जावयांनी आमच्या दोघांच्या पाया पडून चेक घेतला. संस्कारी आहेत असं पार्टीची बायको हिला म्हणाली.

५ एप्रिल

नवं घर. तळमजला आहे, पण उरलेल्या पैशांत दोन खोल्या काही बसल्या नाहीत. एक खोली आणि स्वयंपाकघर. हेही जावयांनीच शोधलं. 'घरचं म्हणून' एकच टक्का घेतला. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरांना सांगितलं, सध्या थंडी आहे. ते म्हणाले, कुठे आहे थंडी?

खोलीत कॉट टाकली, कपाट ठेवलं, की दोघांनी एकावेळी उभं राहता येत नाही. एकाने बसायचं, मग दुसऱ्याने जायचं.

पण एक खरं. ही आज सकाळपासून चार वेळा बाहेर जाऊन आली. एकच पायरी! चौथ्यांदा काहीसुद्धा काम नव्हतं, नुसतीच गेली आणि फाटकाला हात लावून आली. वर्षभरात हिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मी नऊ लाखांचं पुन्हा काढलं तर म्हणाली, "लेक तिच्या घरी सुखात आहे ना? मग आलं सगळं त्यात." मीही हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

९ एप्रिल

घर पाहावं बांधून, म्हणतात. विकून पाहावं, असं कुणी का म्हणून ठेवलं नाही?

१९ एप्रिल, शनिवार

लेक आली. दोन बॅगा घेऊन. परत जाणार नाही म्हणते. दीड वर्षापासून सोसतेय. हात उगारतो म्हणाली. आमचा तो — नाही, आता जावई लिहिवत नाही.

ही रडत म्हणाली, "अगं, आधी का नाही बोललीस?"

"कशी बोलणार, आई? दोन टक्क्यांसाठी तुमची तोंडं उघडेनात त्यांच्यापुढे. म्हटलं, माझ्यासाठी काय उघडणार?"

बॅगा अजून दाराबाहेरच आहेत. आत ठेवायला जागा नाही.