इब्रामपूरच्या झरीबद्दल

४ नोव्हेंबर, सोमवार
हरवळ्याच्या गुंफांचं पान आज तिसऱ्यांदा लिहिलं आणि तिसऱ्यांदा फाडलं. त्या कोणी कोरल्या याबद्दल माणसं दहा गोष्टी सांगतात, पुस्तिकेच्या समितीला एकच हवी, तीही दीडशे शब्दांत. पेडणे-डिचोलीचा इतिहास आणि निसर्ग यांवरची पुस्तिका डिचोलीच्या वाचनालयातल्या बाईनेच लिहावी असं त्यांना का वाटलं कोण जाणे. मीही हो म्हणून बसले. नार्व्याचा सप्तकोटेश्वर झाला, मयेचं तळं झालं, हळर्णचा किल्ला झाला. तरी जीव थाऱ्यावर नाही. दुपारभर पंखा लावला, बंद केला, परत लावला.

सुदेश संध्याकाळी दारातूनच, ‘इब्रामपूरची झर घातलीस?’
नाही अजून.
‘ती घाल. बाकीचं सगळ्यांना ठाऊक आहे.’

५ नोव्हेंबर
नवऱ्याचं बरोबरच आहे. बारा वर्षं खाणीवर मशीन चालवलं. खाण बंद झाली तेव्हापासून दुसऱ्याची गाडी चालवतो. आता त्याला स्वतःची जीप हवी आहे. लोक झर बघायला आले तर तो कच्च्या रस्त्याने त्यांना वर नेणार. कितीतरी दिवसांनी तो पुढच्या वर्षाबद्दल बोलतोय.

१० नोव्हेंबर, रविवार
माहेरी, इब्रामपूरला जाऊन आले. माहेर म्हणजे आता कमलाक्षीमावशीच. आई गेल्यावर माझं लग्न तिनेच लावून दिलं. बहात्तर वर्षांची आहे, पण डोंगर माझ्याआधी चढली.

झर होती तशीच. दोन कातळांच्या फटीतून पाणी येतं, खाली दगडी कुंडी, आणि कुंडीच्या वर गजलक्ष्मीचा दगड. हत्तींच्या सोंडा झिजून गुळगुळीत झाल्यात. किती जुना, कोणालाच माहीत नाही. मावशी दर शुक्रवारी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतते, एक फूल ठेवते. वैशाखात गावच्या विहिरी आटतात तेव्हाही इथलं पाणी थांबत नाही. वरच्या झाडावर धनेश पक्ष्यांची जोडी होती. पंखांचा आवाज केवढा!

मी फोटो काढायला मोबाइल वर केला. तिने मधे हात धरला.
‘पुस्तकात घालतलंस?’
हो म्हटलं. सुदेशचंही सांगितलं.
ती ओंजळीने पाणी प्यायली. मग म्हणाली, ‘माणसां येतली, आंघोळी करतली, बाटल्यो टाकतली. मगे ह्या पाणी आमी पियाचा कसा गे?’

मोबाइल पिशवीत ठेवला. उतरताना पाय दोनदा घसरला.

१४ नोव्हेंबर
लिहिलं. पान सत्तावीस. एका बैठकीत, एकही खाडाखोड नाही. सबंध पुस्तिकेतलं हेच चांगलं उतरलंय, आणि त्याचाच त्रास होतोय.

१८ नोव्हेंबर, सोमवार
सुदेशला वाचून दाखवलं. त्याने परत वाचायला लावलं. ‘असं लिहिलंस तर मीच पहिला जाईन,’ म्हणाला. जेवताना जीपचा रंग कुठला घ्यावा यावर बोलत होता.

मजकूर छापखान्यात गेला.

२५ नोव्हेंबर
वाचनालयात अंकिता येते, कॉलेजची. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठलासा दुसरा झरा, कोणीतरी वाट दाखवली आणि मग सगळे गेले. गुडघाभर गढूळ पाणी, त्यात तीस-चाळीस माणसं. मागच्या दगडावर कोणाचं तरी नाव खरडलेलं. ती हसत होती. मला बसवेना.

जेवणाच्या सुट्टीत छापखान्यात फोन केला. ‘सत्तावीस नंबरचं पान काढा.’
‘बाई, मग तिथे काय घालू?’
मयेच्या तळ्याचा फोटो मोठा करा म्हटलं.

सुदेशला सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर
नाही सांगितलं.

२ डिसेंबर, सोमवार
आज सांगितलं. तो जेवत होता. हात तसाच थांबला.
‘कधी काढलंस?’
आठ दिवस झाले.
‘आठ दिवस मी लोकांना जीपचं सांगत फिरतोय.’
ओरडला असता तर बरं झालं असतं. हात धुतला आणि बाहेर गेला. ताट मी बराच वेळ उचललं नाही. पान काढल्याचा पश्चात्ताप नाही. पण त्याला आधी विचारायला हवं होतं. तो नको म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. हे इथेच लिहिता येतं.

९ डिसेंबर
कामापुरतं बोलतो. चहा घेतला का. गॅस संपला.

२८ डिसेंबर, शनिवार
पुस्तिका आली. कार्यक्रम झाला, शाल मिळाली. एक प्रत मावशीला नेऊन दिली. तिला वाचता येत नाही, तरी एकेक पान उलटून बघितलं.
‘झर नाय मां हेच्यात?’
नाही.
तिने केळ्यांचा घड दिला. किती हलकं वाटलं. आणि घरी येईपर्यंत परत तेच— सुदेश पायरीवर बसलेला, दुसऱ्याच्या गाडीची चावी हातात.

१२ जानेवारी, रविवार
मावशीने स्वतः फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता.
डोंगरावर लाल रंगाच्या खुंट्या मारल्यात. खालपासून झरीच्या वरपर्यंत. जमीन कधीच विकली गेली म्हणे, तिथे कुठल्याशा कंपनीचे बंगले होणार. डोंगर कापायची परवानगी मागितली आहे, पुढच्या रविवारी ग्रामसभा.
‘आता लिही गे,’ म्हणाली. ‘वाट पण लिही.’

सुदेशला सांगितलं. त्याने चपला घातल्या. ‘चल, बघून येऊ.’ महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही एका गाडीत बसलो.

१९ जानेवारी, रविवार
कंपनीचा माणूस ग्रामसभेत उभा राहिला. म्हणाला, डोंगरावर झरा नाही, जुनं काही नाही, असतं तर ह्यात आलं असतं. आणि माझीच पुस्तिका वर धरली. सरपंचांनी पानं चाळली.

मी उठले. ‘हे मी लिहिलंय. झरीचं पान होतं, ते मीच काढलं. लिहून घ्या. आणि आत्ताच चला, दाखवते.’

पहिला सुदेश उठला. मग खुर्च्या सरकायला लागल्या. साठ-सत्तर माणसं डोंगर चढली, कंपनीचा माणूसही. सगळ्यांच्या पुढे कमलाक्षीमावशी, वाटेतल्या फांद्या मोडून बाजूला टाकत.