गठ्ठ्यावरची तिरकी रेघ

कलकत्ता,
१४ सप्टेंबर १९७९

चि. चारुदत्तास अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. ह्यांची बदली यंदाही टळली. बँक आपल्याला विसरली, असं हेच म्हणतात. लीना शाळेच्या नाटकात आहे. तिचं मराठी आणखीच बंगाली झालंय. काल विचारत होती, "मामा आपल्यावर रागला काय?" मी म्हटलं, अकोला लांब आहे.

वीज रोज जाते. आत्ताही गेली आहे, म्हणून खिडकीशी बसून लिहिते आहे. घामाने कागद हाताला चिकटतो.

तू पंपांच्या दुकानात लागल्याचं आईच्या पत्रातून कळलं. चौकशीत मी तुझी बाजू घेतली नाही, एवढंच तुला ठाऊक आहे. गोष्ट तेवढीच नाही.

पवनचक्कीच्या पात्यांचा कॉम्प्युटर-प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा त्याची चारशे बारा कार्डं झाली होती. भोकं पाडलेल्या एकेका कार्डावर हिशेबाची एक ओळ. गठ्ठा पडला तर क्रम लावता यावा म्हणून आम्ही वरच्या कडांवरून तिरकी रेघ ओढतो. माझी लाल पेन्सिलीची होती. शेवटची सत्तावीस कार्डं वादळी झोताची. झोताचा हिशेब क्षणाक्षणाने करावा लागतो, त्याला मशीन तासभर घेई आणि तासाच्या आत वीज जाई. की पुन्हा पहिल्यापासून. मशीन चालवणारे निमाईबाबू हसत म्हणायचे, "दीदी, तुमची चक्की फिरली तर माझं मशीन चालणार, आणि माझं मशीन चाललं तर तुमची चक्की होणार."

सात वेळा असं झालं. गेल्या वर्षी मार्चअखेर आकडे द्यायचे होते. आठव्या वेळी मी ती सत्तावीस कार्डं काढून दप्तराच्या कपाटात ठेवली आणि नुसत्या संथ वाऱ्याचा हिशेब पुरा केला. झोताचं नंतर बघू, असं ठरवलं. तुला सांगितलं नाही. त्याच आकड्यांवर तू बजबजच्या पुढे नदीकाठी चक्की उभी केलीस.

यंदा एप्रिलमध्ये कालबैसाखीच्या वादळात पातं मोडून पंपघरावर पडलं. माणसं जेवायला गेली होती म्हणून वाचली. चौकशी समितीने लिहिलं, पात्याच्या मुळाशी जोडकाम कच्चं होतं.

पातं पडलं त्या संध्याकाळी तू आमच्याकडे आलास. मी रेशनचे तांदूळ निवडत होते. तू विचारलंस, "ताई, आकडे पुन्हा एकदा बघशील?" मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत." ते बरोबरच होते, चारू. अपुरे होते. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि समितीपुढे आपल्याच जोडांवर संशय घेतलास. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होते.

हे पत्र नुसत्या पश्चात्तापाने लिहिलं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं. तसं नाही. सोमवारी आमच्या संस्थेचे संचालक म्हणाले, ओरिसाच्या किनाऱ्यावर दुसरी चक्की उभारायची आहे, सुनीतीबाईंचा प्रोग्रॅम तयारच आहे. गठ्ठा काढला. रेघ शेवटपर्यंत येतच नव्हती, दुसऱ्या कडेच्या बोटभर आधीच तुटत होती. कोणीही नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं. पातं पडल्यापासून पाच महिने तो उघड्या फळीवर होता.

कार्डं परत जागी लावली. काल वीज टिकली. निमाईबाबू म्हणाले, "आज कोणाचं पुण्य, दीदी?" मी छापील कागद फाडून घेतले. ताशी पंचेचाळीस मैलांच्या झोतात पातं मोडतं, जोड कितीही पक्का असो. त्या दिवशी वारा त्याहून जोराचा होता.

आज सकाळी संचालकांना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "तुमचे बंधू ना ते?" समिती पुन्हा बसेल. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. मशीनने छापलेल्या आकड्यांची एक प्रत सोबत आहे. वरून सातव्या पानावर खूण केली आहे. अकोल्यात तुला ज्यांना दाखवावीशी वाटेल त्यांना दाखव. परत ये, असं मी म्हणणार नाही. उत्तर लिही, असंही नाही.

लीनाला आज खरं सांगेन.

त्या संध्याकाळी तांदळातून मान वर न केलेली,
तुझी ताई