समुद्रावर जागा धरणे

७ डिसेंबर १९९७, रविवार

ठरलं. बडे दिनच्या, म्हणजे नाताळच्या, सुट्ट्यांत फॅमिलीला समुद्र दाखवणार. फायनल.

कारण शेजारचे चौरसिया. दिवाळीत दमणला काय जाऊन आले, त्यांची मिसेस येता-जाता 'समुंदर की हवा' करून राहिलीय. काल आमच्या मुक्ताला तिने एक शंख दिला. आम्हाला! आमचे पूर्वज कोकणातून माळव्यात आले तेव्हा या चौरसियांना पाणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मागच्या पाच पिढ्यांत आमच्याकडे कोणी समुद्र पाहिला नसेल, मगर तो रक्तात आहे.

मुक्ताने (वय दहा) शंख बघून समुद्राचं चित्र काढलं. रंग कोणता देऊ, विचारत होती. म्हटलं, निळा. अनसूया स्वयंपाकघरातून बोलली, तसं काही नसतं, दिवसभर बदलतो. हिला मध्ये बोलायची खोड आहे. मुक्ताकडून निळाच भरवून घेतला.

अनसूयाचं माहेर गुहागर. घराला लागून समुद्र. पण तिथे जायचं नाही. तिथे तिचा भाऊ जयंत राहतो. त्याच्या लग्नात, पुण्याला, भर पंगतीत हा मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही हिंदीत बोललात तरी चालेल." आमची मराठी पेशवाईतली, एकदम शुद्ध. आणि हा किराणा दुकानदार मला परवानगी देऊन राहिला! त्या दिवसापासून संबंध खतम. अनसूयाला सांगितलं होतं, आता त्या घराची पायरी चढायची नाही. नऊ वर्षं झाली. एकदाही हट्ट केला नाही तिने. बाई समजूतदार आहे.

१४ डिसेंबर, रविवार

जागा ठरली. वेळणेश्वर. अनसूयानेच सुचवलं. शंकराचं देऊळ, समोर समुद्र, राहायची सोय. महाकालाच्या गावचा माणूस शंकराला नाही कसं म्हणणार? लगेच हो म्हटलं. गुहागरचं तिने नावसुद्धा काढलं नाही. विसरली असावी.

मुक्ताच्या ॲटलासमध्ये वेळणेश्वर शोधलं. नाही सापडलं. फालतू ॲटलास.

२१ डिसेंबर, रविवार

पंचांग बघितलं आणि उडालोच. २९ तारखेला सोमवती अमावस्या! सोमवतीला समुद्रस्नान! आमच्या उज्जैनच्या रामघाटावर सोमवतीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे समुद्रावर काय लोटेल याचा अंदाज मला आहे. चौरसिया दमणला गेले ती तिथी कोणती होती, हे त्यांना मुद्दाम विचारलं. सांगता आलं नाही. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

संकल्प : उजाडताच पोहोचायचं आणि पाण्याला लागून जागा धरायची. घाटावर ज्याने आधी सतरंजी टाकली, जागा त्याची. हा नियम मी लहानपणापासून पाळत आलो आहे.

अनसूया म्हणाली, अमावस्येला भरती मोठी असते, दुपारपर्यंत वाळू उरत नाही, सामान वर झाडांत ठेवावं लागेल. मी हसलो. सिंचाई विभागात एकवीस वर्षं झाली मला. बडे बाबू आहे. मला पाण्याबद्दल सांगते!

तिचं पॅकिंग बघून डोकं फिरलं. पिशवी भरून लौंगवाली सेव. समुद्राला घालायची का? म्हणाली, खाऱ्या हवेत भूक लागते. एक नवा फ्रॉकही घेतलाय. मुक्ताला तीन वर्षांपूर्वी बसला असता. बायकांना मापं कळत नाहीत हे पुन्हा सिद्ध झालं.

२८ डिसेंबर, रविवार. एस.टी.त

काल उज्जैनहून गाडी, आज मुंबईहून ही बस. बसवर पाटी : गुहागर. मी कंडक्टरला अडवलं. त्याने सांगितलं, वेळणेश्वरला जायला गुहागरलाच बस बदलायची. अनसूयाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "अगंबाई, हो का?"

म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. बिचारी.

संध्याकाळ. वेळणेश्वर

गुहागर स्टँडवर मी डोक्यावरून गमछा घेऊन बसलो, कोणी ओळखू नये म्हणून. एक पोरगा येऊन विचारतो, "अंकल, तबियत ठीक नहीं क्या?" मी शुद्ध मराठीत सांगितलं, "तबियतीला काय धाड भरली?" तर म्हणतो, "अच्छा अच्छा." कोकणात मराठी संपलेली आहे.

अनसूया मुक्ताला घेऊन पाणी आणायला म्हणून गेली. पाण्याला इतका वेळ? परत आली ती डोळे लाल. धूळ गेली म्हणाली. शिवाय सेवेची पिशवी तिथेच विसरून आली, आणि फ्रॉकही. असा राग आला! चांगली झापली बसमध्ये, चारचौघांत. ती हसत होती. हसण्यासारखं काय होतं त्यात?

उतरलो तेव्हा अंधार. समुद्राचा नुसता आवाज. मुक्ताने आत्ताच बघू या म्हणून भुणभुण केली. नाही म्हटलं. पहिलं दर्शन उद्या, विधिपूर्वक, माझ्याबरोबर.

२९ डिसेंबर, सोमवार. सोमवती. किनाऱ्यावर

जागा धरली! पहिला नंबर!

किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. म्हणजे लोक अजून आलेले नाहीत. पाणी खूप लांब गेलं होतं, म्हणून आपणही सामान घेऊन लांब गेलो. ओल्या वाळूवर सतरंजी, चार कोपऱ्यांवर होल्डऑल, सूटकेस आणि दोन्ही बॅगा. शर्ट-पँट, घड्याळ, चश्मा सूटकेसमध्ये. अंगावर पंचा.

अनसूया पुन्हा सुरू : सामान वर ठेवू या. कडक शब्दांत सांगितलं, काहीही हलवायचं नाही, जागा गेली तर माझ्याशी गाठ आहे. तिने मुक्ताचं दप्तर तेवढं उचललं आणि नारळांच्या झाडांखाली जाऊन बसली. मुक्ता पाण्यात जायला नाचत होती. तिलाही बसवलं. आधी संकल्प, मग स्नान. समुद्र काय पळून जातो?

आता गुरुजींना आणतो. समुद्र नंतर सावकाश बघीन. तसंही चश्म्याशिवाय नुसतं पांढुरकं दिसून राहिलंय. डायरी मुक्ताकडे देतो.

संध्याकाळ. जयंतचं घर, गुहागर

हो. जयंतचं घर. परिस्थितीने आणलं.

त्या गुरुजींमुळे हे झालं. ते अभिषेकात होते. बसवून ठेवलं. मग म्हणतात, स्नान करून या, संकल्प लागतोच असं नाही. मी त्यांना उज्जैनची पद्धत समजावून सांगितली. चांगली खुलासेवार. बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाले, "आप पहले नहा लीजिए."

तणतणत परत आलो तर जागा नाही. म्हणजे सतरंजी नाही असं नव्हे, किनाराच नाही! जिथे मी बसलो होतो तिथे लाटा. लांबवर काहीतरी लाल तरंगत होतं. होल्डऑल असावा. चश्मा असता तर सांगता आलं असतं.

अनसूयावर ओरडलो, तू काय करत होतीस? ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, हलवायचं नाही. नाही हलवलं."

आणि ही समजूतदार!

मग ती ताडताड फोन करायला गेली. जयंत जीप घेऊन आला. फोन झाल्याबरोबर, जशी तयारीच होती. मी पंच्यावर. त्याने त्याचा लेंगा-सदरा पुढे केला. लेंगा आखूड. रस्ताभर एक शब्द बोलला नाही तो. हसलाही नाही. किती नीच माणूस असावा!

दारात त्याच्या बायकोने, सुनंदाने, भाकरतुकडा ओवाळून टाकला. अनसूया तिच्या गळ्यात पडून इतकी रडली की मला वाटलं सामानासाठी रडते. म्हटलं, रडू नको, नवी सूटकेस घेऊ. कोणी लक्ष दिलं नाही.

त्यांच्या मुलीच्या, केतकीच्या, अंगात तो फ्रॉक होता. मापात बसला. बशीत आमची सेव. तर स्टँडवर विसरलेलं सामान जयंतने उचललेलं दिसतं. परत द्यायचं सोडून खाऊन राहिलेत.

३१ डिसेंबर, बुधवार

या घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो म्हणतात. मी पुढच्या खोलीत बसून आहे. जयंतने दोनदा विचारलं, "भावोजी, येता का? हात धरून नेतो." त्याच्या हाताला धरून समुद्र बघू? त्यापेक्षा नाही बघत. बहिष्कार. समुद्रावरसुद्धा.

मुक्ता दिवसभर पाण्यात. काळी झाली. तिला हाक मारली, म्हटलं बस जरा बापाजवळ, हे लोक काय बोलतात माझ्याबद्दल ते सांग. म्हणाली, काही नाही बोलत. मग जयंत चहा घेऊन आला. मी त्याला शब्द जुळवून, अगदी पेशवाई मराठीत, या घरचा चहा मला चालणार नाही असं सुनावत होतो. मध्येच मुक्ता म्हणाली, "बाबा, हिंदीत बोललात तरी चालेल. मामाला कळतं."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. जयंतकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती.

चहा घेतला.

१ जानेवारी १९९८, गुरुवार

रजा संपली. निघायचं म्हटलं. अनसूया तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. माझं नऊ वर्षांचं माहेरपण राहिलंय."

मुक्ताच्या शाळेचं विचारलं. म्हणाली, शाळा आहे तिथेच राहील. हे तर माझं बोलणं! समुद्राबद्दल असंच काहीसं मी म्हणालो होतो. भांडायचा विचार होता, पण आखूड लेंग्यात भांडता येत नाही.

ठीक आहे. राहू द्या. मीच परवानगी दिली.

५ जानेवारी, सोमवार. उज्जैन

परवा देवास गेटच्या स्टँडवर उतरलो तो चौरसिया समोर. आणखी कोण असणार! "कैसा रहा समुंदर, भाईसाब?" म्हटलं, फर्स्ट क्लास. "रंग कैसा था उधर?" नीला, एकदम नीला. घरी आलो. भिंतीवर मुक्ताचं ते चित्र आहे. दोन दिवस पोळीवाल्या बाईंच्या पोळ्या चालल्या आहेत.

संध्याकाळी पी.सी.ओ.वरून फोन लावला. कधी येता, विचारायला. मुक्ता आली फोनवर. इतकं बोलत होती की श्वास घेत नव्हती. म्हणाली, "बाबा, तो निळा नसतोच. सकाळी चहासारखा असतो, मग हिरवा, आणि संध्याकाळी तर सांगताच येत नाही. तुम्ही न्यायला या. मी दाखवते."

म्हटलं, मी बघितला आहे.

ती हळूच म्हणाली, "कसा होता?"

लाइन खराब होती. मी फोन ठेवला.

उद्या चश्म्याच्या दुकानात जायचं.