चंदेरी पेट्या

ग्वाव, १३ जून

चि. केरिशा हिस ऑसबर्टमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. गेले तीन दिवस मला भाजलेला नीरफणस गार मिळतोय, तोही एक शब्द न बोलता वाढलेला. कारण तू माझ्या होडीच्या टपावर बसवलेली ती पांढरी पेटी. मी समुद्रात कुठे आहे ते तुझ्या मामीला फोनवर हिरव्या ठिपक्यात दिसायचं. येताना रमच्या दुकानाशी टेकलो, तरी ठिपका चुगली करायचा. सोमवारपासून तो गायब आहे आणि मामी म्हणते की मीच पेटी बंद पाडली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यात मी पहिल्यांदाच निर्दोष आहे आणि पहिल्यांदाच शिक्षा भोगतोय.

फोन सदोदित तिच्या हातात, म्हणून हे पत्र बसवाल्याबरोबर धाडतो. उत्तर तसंच दे, आणि माया पातळ करू नकोस.

तुझा मामा

सेंट जॉर्जेस, १४ जून

ती. ऑसबर्टमामांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. ठिपका एकट्या तुमचा गेलेला नाही. तुमच्या धक्क्यावरच्या बारा पेट्यांपैकी अकरा मुक्या झाल्यात. बोलतेय ती फक्त लिंकनकाकांची.

खाऱ्या हवेने आतलं गंजू नये म्हणून मी सर्किटवर राळेचा थर दिला होता. थर जाड झाला तर अँटेनाचा आवाज बसतो, हे मला ठाऊक आहे. मी मोजूनमापूनच दिला. पण साहेब म्हणतात की थरच नडला. पुढच्या शुक्रवारी मच्छीमार समितीची बैठक आहे. तोवर कारण सापडलं नाही तर सगळ्या पेट्या उतरवतील आणि माझं दोन वर्षांचं काम गुंडाळतील. वादळात भरकटलेली होडी मग पुन्हा नशिबावरच शोधायची.

मामा, पेटीला कुणी हात लावला का? खरं सांगा. मामीला कळवणार नाही.

तुमच्या लोभावरच टिकून असलेली,
केरिशा

ग्वाव, १५ जून

चि. केरिशा हिस आशीर्वाद.

शपथेवर सांगतो, पेटीला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. वेळ आहे कुणाला? संत पीटरचा दिवस दोन आठवड्यांवर आला. पाद्री होड्यांवर तीर्थ शिंपडायला येणार, त्या दिवशी होडी जुन्या रंगात दिसली तर वर्षभर तोंड लपवावं लागतं. मी माझी 'पेशन्स' पोपटी केली, काठ पिवळे. तुझी पेटी तेवढी टपावर चामखिळीसारखी दिसत होती, म्हणून तिला झकास चंदेरी केली, अगदी माशाच्या खवल्यांसारखी. ती सगळ्यांना इतकी आवडली की माझा डबा धक्काभर फिरला.

एका लिंकनने ब्रश म्हणून उचलला नाही. मी चारचौघांत त्याला म्हणालो की बाबा रे, तुझ्या होडीपेक्षा तुझा आळस जुना. लोक पोट धरधरून हसले.

तेव्हा दोष आमच्याकडे शोधू नकोस. जेवत जा.

मामा

सेंट जॉर्जेस, १७ जून

ती. मामांस साष्टांग, आणि वर एक धपाटा.

बोट लावलं नाहीत, ब्रश लावलात! चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची पूड असते. प्लास्टिकमधून लहरी आरपार जातात, म्हणून तर मी प्लास्टिकची पेटी घेतली. तुम्ही तिला पातेल्यात घालून वर झाकण ठेवलंत. आणि रंगाचा एकच हात दिला नसणार, तुम्हाला ओळखते मी.

पण माझ्या वाटण्यावर समिती विश्वास ठेवणार नाही. उद्या दहा वाजता फक्त तुमची पेटी खरवडा. होडी हलवू नका, आत काही उघडू नका. मी इथे पडद्यासमोर बसते.

जीव मुठीत धरून,
केरिशा

ग्वाव, २६ जून

चि. केरिशा हिस अनेकानेक आशीर्वाद.

पेट्या राहिल्या आणि आता साऱ्या बेटाला बसणार, ही बातमी तुझ्या फोनाआधी बसवाल्याने आणली, हॉर्न वाजवत.

त्या मंगळवारचं तुला नीट सांगायचं राहिलं. मी टपावर चढून खरवडतोय, मामी खाली फोन धरून उभी. रंगाचे तीन हात होते, चौथा मी कबूल करत नाही. अर्धी पेटी पांढरी झाली तोच मामी ओरडली की आला, आला! आमचा पोरगा झाला तेव्हाही ती इतकी हरखली नव्हती. मग दुपारी तुझा निरोप येताच दहा टपांवर दहा माणसं चढली. नुसती खरखर! एकेक ठिपका उगवला की बायका आकडा पुकारायच्या. बारा झाले तेव्हा धक्क्यावरच नारळाच्या दुधातल्या नीरफणसाचा हंडा चढला, आणि मला वाढलेलं पहिलं ताट जीभ पोळण्याइतकं गरम होतं.

बैठकीत तू म्हणालीस म्हणे, लिंकनची पेटीही त्याच राळेची, आणि ती बोलत राहिली म्हणून राळेवरचा आळ टळला. इथे आता त्याला शास्त्रज्ञ म्हणतात. काल त्याची बायको भेटली. ईस्टरपासून त्याचा उजवा खांदा वर जात नाही, आणि कुणाला सांगायची त्याला लाज वाटते, असं म्हणाली.

आज तो दवाखान्यात गेला होता. तेवढ्यात मी त्याची होडी रंगवून टाकली. निळी, त्याला आवडते तशी. पेटीभोवती चार बोटं जागा सोडून. संध्याकाळी तो आला, होडीभोवती एक फेरी मारली, आणि माझ्या निळ्या हातांकडे बघत उभा राहिला. मी विचारलं की पाऊस येईल का. तो म्हणाला, येईल बहुतेक. मग शेजारी बसला.

तुझा मामा