शेवटच्या सीटवरचा म्हातारा

वायादोलिद, २४ ऑक्टोबर १९९७

प्रिय निन्फा,

पाकिटावर नाव नाही म्हणून दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. तुझं जुनं नाव लिहिण्याची सोय नाही आणि तिथे लोक तुला ज्या नावानं हाक मारतात ते कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही. आपल्या सहलीच्या बसचा ड्रायव्हर मार्सेलिनो रविवारी तुझ्या बाजूला सामान घेऊन येतोय. तळ्याकाठी मासे तळणारी बाई, एवढीच खूण मी त्याला दिली आहे. तर तो म्हणतो, "कासिल्दाताई, नऊ वर्षं तुमची बस चालवतोय, आणि अजून तुम्ही गाडीतून उतरताना माझ्यासमोर पर्स तपासता." तो रागावला नव्हता, पण खोटंही बोलत नव्हता. मी अशीच झाले आहे. डबेवाली बाई नेहमीपेक्षा जास्त हसून बोलली की मी आधी तिच्यामागे कोण उभं आहे ते बघते.

तुला मागे कळवलं होतं, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुझ्या नवऱ्यानं, रेनाननं, माणूस पाठवला होता. जनगणनेवाला म्हणून आला, वही काढली, माझ्याकडून पाणी मागून प्यायला आणि हळूच विचारलं, "घरात अजून कोणी राहत होतं का हो, बहीण-मैत्रीण?" त्याच्या वहीत आपला तो फोटो होता, सहल कंपनीच्या जाहिरातीच्या पत्रकातला. उश्मालच्या जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर आपण दोघी गाइड छत्र्या घेऊन बसलोय, तू उन्हाला डोळे बारीक केलेले. नवरा बायकोला शोधतो ते प्रेमापोटी, असं तेव्हा कंपनीतल्या निम्म्या लोकांचं मत होतं. त्यानं मोडलेला तुझा हात फक्त मी पाहिला होता. त्या माणसाला मी राजधानीचा पत्ता सांगून उलट्या दिशेला धाडलं. तेव्हापासून प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी प्रवाशांची यादी मी दोनदा वाचते.

गेल्या आठवड्यातल्या यादीत चौदा नावं होती. आठ डच, एक इटालियन जोडपं, पुएब्लाच्या दोघी बहिणी, त्यांचा एक भाऊ, आणि चौदावं नाव फाउस्तो कान. आडनाव आपल्यातलं, अस्सल माया. मला तिथेच खटकलं. आपल्यातला माणूस तिकीट काढून, गळ्यात कंपनीचा बिल्ला अडकवून आपल्याच आजोबांची देवळं बघायला कधी आलाय? मेरिदाच्या हॉटेलाबाहेर तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. साठीचा, आपल्यासारखाच बुटका आणि रुंद, पण पायात उत्तरेकडचे उंच बूट, डोक्याला काठाची मोठी टोपी. सगळे खिडकीसाठी भांडत होते, आणि हा गुपचूप शेवटच्या सीटवर जाऊन बसला. तिथून अख्खी बस दिसते. मार्सेलिनोला मी म्हटलं, याच्यावर नजर ठेव. तो म्हणाला, "त्याला बिचाऱ्याला गाडी लागते, ताई. मागं बसलंय ते ओकायला सोपं जावं म्हणून."

उश्मालला मी जादूगाराच्या पिरॅमिडची गोष्ट सांगत होते, तर म्हाताऱ्याचं माझ्या गोष्टीत लक्षच नव्हतं. तो फाटकावरच्या पहारेकऱ्याशी बोलत होता आणि त्याला खिशातून काढून काहीतरी दाखवत होता. मी जवळ गेले तसं त्यानं ते घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी इसामालला तर कमालच झाली. पिवळं धमक गाव, मठाचं ते लांबलचक अंगण, सगळे फोटो काढत सुटलेले, आणि हा खाली उतरायलाच तयार नाही. टोपी तोंडावर ओढून दीड तास बसमध्ये. पुएब्लाची थोरली म्हणाली, "अहो काका, पैसे काय झोपायला भरलेत?" तो म्हणाला, "मला इथलं ऊन सोसत नाही, बाई." ज्या माणसाच्या मानेवर उन्हानं चर पाडलेत, त्याला इसामालचं ऊन सोसत नाही. मी मनात नोंद केली: या गावात याला ओळखणारं कोणीतरी आहे, आणि याला ओळखू यायचं नाहीये.

चिचेनला त्यानं दुसऱ्या कंपनीच्या गाइडबाईला गाठलं. मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, "तुमच्याच जुन्या मैत्रिणीबद्दल विचारत होता. मी म्हटलं, कासिल्दाला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं." तशीच सगळ्यांना घेऊन मी चेंडूच्या मैदानात गेले, टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकवला, आणि कितव्यांदा वाजवली ते मला कळलं नाही. संध्याकाळी वायादोलिदच्या चौकात तो माझ्याच बाकावर येऊन बसला. म्हणाला, "पूर्वी तुमच्याबरोबर एक मुलगी असायची ना?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर पुष्कळ मुली असायच्या. मुली येतात, लग्न करतात, जातात." मग मुद्दाम आपल्या माया भाषेतून विचारलं, गाव कोणतं. त्यानं उत्तरही मायातूनच दिलं, "इकडचाच, पण फार वर्षं तिकडे होतो." त्याची भाषा जुनी होती, आपल्या आज्या बोलायच्या तशी, तीस वर्षांत कोणी न वापरलेली. दुसरी कोणी असती तर विरघळली असती. मी विचार केला, रेनान शहाणा झाला. जनगणनेवाल्याला जमलं नाही, म्हणून आता आजोबा पाठवलाय.

आता सांगते ते ऐकून तुला माझी लाज वाटेल. कोबाला सगळे मोठ्या पिरॅमिडवर चढत होते. म्हाताऱ्यानं जाकीट काढून मार्सेलिनोकडे दिलं आणि दोराला धरून तोही चढायला लागला. मी मार्सेलिनोला थंड काहीतरी आणायला पिटाळलं आणि त्या जाकिटाचे खिसे तपासले. उलटीची गोळी, जपमाळ, आणि आपला तो फोटो. त्यातून मी कापलेली, फक्त तू. मागे पेन्सिलीनं तुझं नाव, पहिलीतलं पोर लिहितं तसं, एकेक अक्षर सुटं. मी फोटो परत ठेवला आणि वर पाहिलं, तर म्हातारा निम्म्या पायऱ्यांवर अडकला होता. पाय गळाठले होते, दोर सोडवत नव्हता. मला वर जावं लागलं. एकेक पायरी बसत बसत त्याला खाली आणताना तो म्हणत होता, "सोडू नका हं, ताई," आणि मी हिशेब करत होते की याला तुझ्यापासून किती लांब नेऊन सोडता येईल.

शेवटच्या दिवशी तुलुमला सगळे पाण्यात उतरले. तो बूट काढून, विजार दुमडून वाळूत बसला होता. मीच जाऊन समोर उभी राहिले. म्हटलं, "कोणी पाठवलंय तुम्हाला?" तो म्हणाला, "कोणी नाही. मी निन्फाचा बाप." मी हसले, निन्फा. खरंच हसले. म्हटलं, "तिचा बाप ती चार वर्षांची असताना उत्तरेत, सरहद्दीपलीकडे वारला. संत्र्यांच्या बागेत शिडीवरून पडून. तिच्या आईनं तिला सांगितलंय, तिनं मला." तो समुद्राकडे बघत म्हणाला, "शिडीवरून काय? बरं." मग म्हणाला, "मी तिकडे दुसरं घर केलं. हिच्या आईला कळलं. तिनं मला मारून टाकलं ते बरोबरच केलं." ते दुसरं घरही आता उरलं नव्हतं म्हणे. ती बाई दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. कोण्या गाववाल्यानं त्याला कंपनीचं पत्रक दाखवलं, ही बघ तुझ्या बायकोचं तोंड घेऊन बसलेली पोरगी. म्हणून तो आला. मी विचारलं, मग सरळ कंपनीत येऊन का नाही विचारलंत? "काय म्हणून विचारू?" तो म्हणाला. "वाटलं, सहलीत बसलो तर ती कुठेतरी समोर येईल, गोष्टी सांगत असेल, मी मागे बसून ऐकेन. तिला कळायची गरज नव्हती."

मी एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. उलट वाटलं, काय सुंदर बसवलंय सगळं. एकही टाका उसवत नाही, आणि खऱ्या माणसाच्या गोष्टीत कुठेतरी टाका उसवलेला असतोच. म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली; ती कळवायलाच हे पत्र लिहायला बसले आणि इतकी पानं टाळत आले. मी त्याला सांगितलं की तू मेलीस. चार वर्षांपूर्वी, तापानं. रेनानकडे बातमी जाईल, शोध कायमचा थांबेल, असा माझा डाव होता. रेनानच्या माणसानं पुढे काय विचारलं असतं ते मला माहीत आहे: कुठे, कोणत्या दवाखान्यात, दाखला आहे का, कबर कुठे. त्यानं यातलं काही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "तेव्हा जवळ कोण होतं तिच्या?" मी म्हटलं, मी होते. त्यानं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तेव्हाच मला कळलं, निन्फा, की तो खरं बोलतोय, आणि तरीही मी माझं खोटं मागं घेतलं नाही. ज्या गावात तो बसमधून उतरला नव्हता त्या इसामालला काल मी गेले आणि त्याचं नाव विचारत फिरले. मठामागे त्याची बहीण पास्तोरा राहते. शेजारणीनं सांगितलं की तीस वर्षं मेलेला समजलेला तिचा भाऊ परत आलाय आणि त्याची मुलगी वारल्याचं त्याला आत्ताच कळलंय. दार उघडं होतं. तो पाटासारखं एक जुनं टेबल घासून धूत होता आणि बहिणीला विचारत होता, निन्फाला लहानपणी गोड आवडायचं, मग पीबच्या सारणात तिखट कमी घालायचं का. शनिवारी, एक तारखेला, पितरांच्या दिवशी, तो तुझं पान मांडणार आहे. मेणबत्ती, केळीच्या पानात भाजलेला मक्याचा पीब, पाण्याचा पेला, मेलेल्यांना ठेवतात ते सगळं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले, कारण तू जिवंत आहेस हे सांगणं म्हणजे तू कुठेतरी आहेस हे सांगणं, आणि ते तुझं आहे, माझं नाही. तो चांगला माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्यानं तुम्हाला टाकलं, हे त्यानंच सांगितलं. पण तो तुझा बाप आहे, आणि श्वास घेणाऱ्या पोरीच्या नावानं तो पाणी ठेवणार आहे, ते माझ्यामुळे. सांगू का त्याला? हो किंवा नाही, एवढंच कळव, शुक्रवारच्या आत. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. फक्त मला माफ करायची घाई करू नकोस.

तुझीच, चुकलेली,
कासिल्दा